देवीचे शस्त्र : भीती किती आणि वस्तुस्थिती किती?

देवी हे एका रोगाचे नाव होते, हे आता वर्गात मुद्दाम सांगावे लागते. घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या दंडावर मोठे वाटोळे वण दिसतात ते कशाचे, असे विचारले तर मुले 'इंजेक्शनचे' एवढे उत्तर देऊन मोकळी होतात. मुलांच्या दंडावर असतो तो बी. सी. जी. चा लहानसा वण. माझ्याही दंडावर तोच आहे. देवी काढून घेतलेली शेवटची पिढी आता पन्नाशीच्या आसपास किंवा तिच्या पुढे आहे. मराठीत देवी आणि उर्दूत चेचक या नावाने ओळखल्या गेलेल्या या रोगाने एकट्या विसाव्या शतकात सुमारे ३० कोटी माणसे नेली असा अंदाज आहे. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने तो पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. माणसाच्या रोगांपैकी माणसाने समूळ उपटून काढलेला हा एकच रोग होय.

म्हणजे विषय संपला, असे कोणासही वाटेल. परंतु रोग गेला तशी लसही गेली, आणि लस गेली तशी अंगातील प्रतिकारशक्तीही गेली. आज जगातील बहुसंख्य माणसे या रोगापुढे तितकीच उघडी आहेत, जितके स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचे मेक्सिकोतील रहिवासी होते. म्हणूनच एखाद्या दहशतवादी टोळीने हा विषाणू मिळवून गर्दीत सोडला तर काय होईल, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे वारंवार विचारला जातो. कोरोनाच्या साथीनंतर आणि २०२२ साली मंकीपॉक्सचे रुग्ण आपल्या देशातही सापडल्यानंतर तो शिक्षकांच्या खोलीतही विचारला जाऊ लागला आहे. विषय डॉक्टरांचा खरा; पण या प्रश्नाचे निम्मे उत्तर इतिहासाच्या कागदपत्रांत आहे, म्हणून इतिहास शिकविणाऱ्याने त्यात हात घातला तर वाचक क्षमा करतील अशी आशा आहे.

प्रथम रोगाचा स्वभाव पाहावा, कारण शस्त्र म्हणून तो चालेल की नाही हे त्याच्या स्वभावावर ठरते. गोवर आणि देवी हे दोन वेगळे रोग आहेत हे स्पष्टपणे मांडणारा ग्रंथ अकराशे वर्षांपूर्वी अबू बक्र अल-राझी या हकीमाने लिहिला. ज्वर कसा चढतो, पाठ कशी दुखते, पुरळ कसा उठतो, हे त्याने रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलेले आहे, हे वाचताना जाणवते. आजच्या शास्त्राने त्यात पुष्कळ भर घातली. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण बारा दिवस माणूस ठणठणीत असतो आणि त्या काळात तो कोणाला रोग देत नाही. मग कडक ताप येऊन माणूस अंथरुणास खिळतो, आणि दोन-चार दिवसांनी पुरळ उठतो. रोग पसरतो तो मुख्यतः पुरळ उठल्यानंतर, समोरासमोरच्या सहवासातून, घरात किंवा दवाखान्यात. तोपर्यंत रुग्णाला उठून बाजारात जाण्याचे त्राण उरलेले नसते. तोंडावर, हातापायांवर फोड असलेला माणूस लपूनही राहत नाही. लक्षण नसलेला माणूस कोरोना पसरवीत हिंडत होता. देवीत तसे होत नाही. शिवाय संसर्ग झाल्यावर तीन-चार दिवसांच्या आत लस टोचली तर रोग टळतो किंवा सौम्य होतो. लागण झालेल्या दर दहांतील सुमारे तीन माणसांना मारणारा हा रोग भयंकर आहे यात संशय नाही, पण तो वणव्यासारखा धावत नाही. तो पायी चालतो, आणि त्याच्या पाऊलखुणा दिसतात.

आता शस्त्र म्हणून त्याचा वापर. या विषयावरील प्रत्येक लेखात अमेरिकेतील फोर्ट पिट या किल्ल्याची हकीकत येते. १७६३ साली तेथील मूळ रहिवाशांनी इंग्रजांविरुद्ध उठाव करून किल्ल्यास वेढा घातला होता. जून महिन्यात बोलणी करण्यास आलेल्या डेलावेर जमातीच्या दोन प्रतिनिधींना इंग्रजांनी निरोपाची भेट म्हणून दोन ब्लँकेटे आणि रुमाल दिले. ही वस्त्रे किल्ल्यातील देवीच्या रुग्णालयातून आणलेली होती. विल्यम ट्रेंट या व्यापाऱ्याने आपल्या रोजनिशीत याची नोंद केली आणि अपेक्षित परिणाम व्हावा अशी इच्छाही व्यक्त केली. पुढे जुलैमध्ये सरसेनापती ॲमहर्स्ट यानेही आपल्या अधिकाऱ्यास पत्राने असाच उपाय सुचविला. म्हणजे वरून हुकूम येण्याआधीच खालच्यांनी काम उरकले होते. मला या प्रकरणात सर्वांत अंगावर काटा आणणारी गोष्ट वाटते ती त्या वस्त्रांचे बिल. दुकानदाराने ब्लँकेटांचे व रुमालांचे पैसे रीतसर सरकारकडे मागितले आणि ते मंजूर झाले.

हेतू दुष्ट होता, हे निर्विवाद. पण परिणाम काय झाला? त्या प्रदेशात देवीची साथ आधीपासूनच होती. किल्ल्यात रुग्णालय होते ते त्यामुळेच. भेट घेऊन गेलेल्या दोघांपैकी एक जण महिन्याभराने पुन्हा वाटाघाटीस आल्याची नोंद आहे. त्या ब्लँकेटांनी किती माणसे मेली हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि बरेच इतिहासकार तो परिणाम अगदी थोडा होता असे मानतात. याउलट १५२० साली मेक्सिकोत जो संहार झाला, ज्यात ॲझ्टेकांचा नवा राजा क्वित्लाहुआकही दगावला, तो कोणी ठरवून घडविला नव्हता. स्पॅनिश तांड्यातून रोग आपोआप आला. देवीने साम्राज्ये बुडविली ती बहुधा अशी, कोणाच्याही योजनेवाचून.

योजना करून देवीला खरोखर शस्त्राचे रूप देण्याचा मोठा उद्योग केला तो सोव्हिएत रशियाने, आणि या कथेत आपला देश फार चमत्कारिक रीतीने येतो. देवी जगातून हद्दपार करावी ही सूचना १९५८ साली जागतिक आरोग्य परिषदेत मांडली ती सोव्हिएत उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव यांनी. त्या देशाने भारतासह अनेक देशांना शंभर कोटींहून अधिक मात्रा लस फुकट दिली. आपल्या गावोगावच्या देवीडॉक्टरांच्या पेटीतली लस कित्येकदा रशियन होती. त्या उपकाराची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच काळात, १९६७ साली, भारतातील एका रुग्णाच्या अंगावरील विषाणू मॉस्कोस नेण्यात आला. शास्त्रीय कागदपत्रांत त्याचे नाव 'इंडिया-१९६७' असे आहे. सोव्हिएत जैविक अस्त्र कार्यक्रमातील वरिष्ठ अधिकारी कानातजान अलीबेकोव १९९२ साली अमेरिकेत गेले आणि केन अलीबेक या नावाने त्यांनी पुढे सर्व हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे शस्त्रासाठी निवडलेला वाण हाच होता, आणि त्याचे टनावारी उत्पादन करण्याची सोय रशियात केलेली होती. त्यांचे सगळेच आकडे पारखून घेतले गेलेले नाहीत. काही जाणकारांना ते फुगविलेले वाटतात. परंतु असा कार्यक्रम होता हे १९९२ साली खुद्द येल्त्सिन सरकारने कबूल केले. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७२ साली सह्यांसाठी खुला झाला व १९७५ साली अमलात आला. सोव्हिएत रशिया त्याच्या मुख्य पुरस्कर्त्यांपैकी एक होता, हे येथे लक्षात ठेवावे. एका हाताने लस वाटावी आणि दुसऱ्या हाताने तोच रोग कोठारात भरावा, असे दुसरे उदाहरण निदान मला इतिहासात आठवत नाही.

या कोठाराची झळ स्वतः सोव्हिएत प्रजेलाच बसली असावी. १९७१ च्या उन्हाळ्यात अरल समुद्रावरील संशोधन-जहाजातील एक तरुणी आजारी पडून अराल्स्क या कझाक शहरात घरी परतली. तिच्या धाकट्या भावाला रोग झाला, आणि मग इतरांना. एकंदर दहा जणांना देवी आल्या व तिघे मेले. ती तिघेही लस न टोचलेली होती, दोन तान्ही बाळे आणि एक तेवीस वर्षांची स्त्री. त्या समुद्रातच वोझ्रोझ्देनिया नावाचे बेट होते, जेथे जैविक अस्त्रांच्या चाचण्या होत. जहाज त्या बेटाजवळून गेले होते. रोग बेटावरूनच आला की एखाद्या बंदरातून, यावर अजून वाद आहे. पण एका माजी सोव्हिएत सेनानीने २००१ साली बेटाकडेच बोट दाखविले. शहराची नाकेबंदी करून सुमारे ५० हजार लोकांना लस टोचण्यात आली आणि साथ थांबली. जगाला याचा पत्ता लागला तो २००२ साली, एकतीस वर्षांनी.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. एका प्रचंड राष्ट्राने अमाप पैसा आणि शेकडो शास्त्रज्ञ लावून हे शस्त्र सिद्ध केले, आणि तरीही ते युद्धात कधी वापरले नाही. मग एखादी टोळी हे काम करील, ही शक्यता कितपत धरावी? जपानमधील ओम शिनरिक्यो या पंथाकडे पैसा होता, विद्यापीठातून शिकलेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९९३ साली टोकियोत काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतू फवारले; एकही माणूस आजारी पडला नाही. शेवटी १९९५ साली त्यांनी भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला, आणि माणसे मेली ती त्या वायूने. काळपुळीचे जंतू निदान मातीत आणि जनावरांत सापडतात. देवीचा विषाणू निसर्गात कोठेच नाही. तो कोणा प्राण्यात नाही आणि मातीतही नाही. तो फक्त माणसात राहत असे, आणि शेवटचा नैसर्गिक रुग्ण, सोमालियातील मेर्का गावचा अली माओ मालिन हा रुग्णालयातील आचारी, ऑक्टोबर १९७७ मध्ये आजारी पडून बरा झाला. म्हणजे चोराला चोरी करावयाची तर घरे दोनच आहेत: अमेरिकेत अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्र आणि रशियात नोव्होसिबिर्स्कजवळ कोल्त्सोवो येथील 'व्हेक्टर' संस्था. दोन्ही ठिकाणी पहारा कडक आहे.

तरीही लोकांच्या मनात भीती बसली, आणि ती कशी बसविली गेली याचाही इतिहास आहे. जून २००१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या एका विमानतळावर 'डार्क विंटर' नावाचा एक सराव झाला. त्यात माजी सिनेटर सॅम नन यांनी राष्ट्राध्यक्षाची भूमिका केली. तीन शहरांत देवी सोडल्या गेल्या आहेत असे कल्पून गणित मांडले गेले, आणि काही आठवड्यांतच लाखो माणसे मरणार असे उत्तर आले. हे उत्तर एका गृहीतावर उभे होते: प्रत्येक रुग्ण पुढे दहा जणांना रोग देतो. पुढे अनेक अभ्यासकांनी जुन्या साथींच्या नोंदी तपासून हा आकडा साधारण तीन ते सहा असावा असे दाखविले, आणि तोही साथ आवरण्याचे उपाय सुरू होण्यापूर्वीचा. गणितात गुणक चुकला की उत्तर किती चुकते हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असते. येथे तर पिढीगणिक गुणाकार होता.

दहाचा आकडा मुळात आला कोठून? युरोपात रोग बाहेरून येऊन ज्या साथी झाल्या त्यांतून. त्यांतील सर्वांत गाजलेली युगोस्लाव्हियाची साथ येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आशा आणि इशारा दोन्ही आहेत. १९७२ च्या फेब्रुवारीत कोसोवो प्रांतातील एक यात्रेकरू हज करून परतला. परतीच्या वाटेवर तो इराकमध्ये थांबला होता. त्या वेळी इराकमध्ये देवीची साथ होती. ती इराणमधून आली होती आणि इराणच्या सरकारने ती कबूल केली नव्हती. हाजीसाहेबांनी लस टोचून घेतलेली होती, त्यामुळे त्यांचे दुखणे इतके सौम्य निघाले की ते देवीचे आहे हे कोणाच्या ध्यानीही आले नाही. गावकरी भेटीस आले, पाहुणे जेवले, आणि अकरा जणांना रोग लागला. त्यांतच तीस वर्षांचा एक शिक्षक होता, पुढील शिक्षणासाठी त्या गावी प्रवेश घेण्यास आलेला. त्याला रक्तस्रावी प्रकारच्या देवी आल्या. या प्रकारात फोड दिसत नाहीत, त्वचेखाली रक्त साकळते. डॉक्टरांना वाटले की पेनिसिलिनची बाधा झाली. एका रुग्णालयातून दुसऱ्यात करीत त्याला बेलग्रेडला नेले, आणि तेथे विद्यार्थ्यांना औषधाच्या बाधेचा विलक्षण नमुना म्हणून दाखविले. १० मार्च रोजी तो मेला. त्याच्यापासून ३८ जणांना रोग झाला होता, आणि त्यांत त्याची शुश्रूषा करणारेही होते. युगोस्लाव्हियात १९३० नंतर देवी आलेल्याच नव्हत्या; तेथील डॉक्टरांनी हा रोग फक्त पुस्तकात वाचला होता.

निदान झाले मात्र, आणि सरकारने कमालीचा झपाटा दाखविला. गावे बंद झाली, हॉटेले ताब्यात घेऊन संपर्कातील लोकांना तेथे ठेवले, आणि दोन कोटींच्या देशात सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना लस टोचली. एकंदर रुग्ण १७५, मृत्यू ३५. दोन महिन्यांत खेळ संपला. म्हणजे एकाने अडतीस जणांना रोग दिला हे खरे, आणि ओळख पटल्यावर तोच रोग बघता बघता आवरला हेही खरे. भीती दाखविणारे पहिली गोष्ट सांगतात, निर्धास्त असणारे दुसरी. मला वाटते, इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही एकाच श्वासात सांगावयास पाहिजेत.

आपल्या देशाचाही दाखला आहे. १९७४ साली भारतात देवीचे १ लाख ८८ हजार रुग्ण आणि ३१ हजारांवर मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक हाहाकार बिहारमध्ये होता. सर्वांना सरसकट लस टोचण्याऐवजी घरोघर फिरून रुग्ण हुडकावा आणि त्याच्या भोवतीच्या माणसांना टोचून कडे करावे, ही रीत तेव्हा कसोशीने अवलंबिली गेली. देवीच्या रुग्णाचे रंगीत चित्र हाती घेऊन कामगार बाजारात आणि शाळांत जात, आणि अशा तोंडाचे मूल कोठे पाहिले काय असे विचारीत. गावातील सारी बातमी शाळकरी पोरांना असते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. रुग्ण दाखविणाऱ्यास बक्षीस होते. ते वाढत वाढत १९७५ साली हजार रुपयांवर गेले. मे १९७५ नंतर देशात रुग्ण सापडला नाही. ना रस्ते धड, ना दूरध्वनी, अशा मुलखात जे साधले ते आज साधणार नाही असे मानण्यास आधार दिसत नाही. लसीचा साठा हाताशी असला आणि पहिला रुग्ण ओळखता आला, तर. ही 'तर' मोठी आहे. आज रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी देवी प्रत्यक्ष पाहिलेला डॉक्टर विरळाच, आणि युगोस्लाव्हियातील तो शिक्षक कशाने मेला हे कळण्यास किती वेळ गेला ते आपण पाहिलेच.

भीतीचा परिणाम कोठवर जातो हे २००२-०३ साली दिसले. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर लगेच अमेरिकेत अँथ्रॅक्सची भुकटी भरलेली पत्रे आली. पाच माणसे मेली, सतरा आजारी पडली. पाठोपाठ देवीचे नाव पुढे आले आणि बोट इराककडे वळले. इराकने उंटांच्या देवींवर संशोधन केल्याचे पूर्वीच सांगितले होते. त्यावरून माणसांच्या देवी तेथे लपविल्या असाव्यात असा तर्क चालला. ५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघापुढे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी जे आरोपपत्र वाचले, त्यात देवीचा विषाणू तयार करण्याची कुवत सद्दाम हुसेन यांच्यापाशी असल्याचा उल्लेख होता. त्याआधी डिसेंबरमध्येच अमेरिकेने लाखो सैनिकांना आणि सुमारे ५ लाख आरोग्यसेवकांना लस टोचण्याचे जाहीर केले होते. आरोग्यसेवकांनी मात्र फारसा प्रतिसाद दिला नाही. काहींना लसीने हृदयाची सूज आली, आणि आकडा ४० हजारांच्या आसपास येऊन थांबला. मार्चमध्ये युद्ध झाले. नंतर अमेरिकेच्याच तपास पथकाने इराक पिंजून काढला व २००४ च्या अहवालात लिहिले की इराकने देवीचा विषाणू जवळ ठेवल्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला नाही. एका देशावरील आरोपाच्या यादीत न सापडलेल्या रोगाचे नाव घातले गेले होते, आणि त्या युद्धाची किंमत त्या देशातील आईबापांनी मोजली.

जाता जाता सांगण्यासारखे असे की, देवीची लस हिंदुस्थानात आली ती याच वाटेने. युरोपातून समुद्रमार्गे पाठविलेली लस वाटेतच निकामी होई. म्हणून ती व्हिएन्नाहून बगदादला, तेथून बसऱ्याला, दंडादंडावर टोचत जिवंत ठेवली गेली, आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली गेली, आणि तिच्या दंडावरून देशभर गेली.

अँथ्रॅक्सच्या पत्रांचे काय झाले हेही पाहावे. काही वर्षांच्या तपासानंतर अमेरिकेच्या तपास यंत्रणेने निष्कर्ष काढला की ती पत्रे पाठविणारा माणूस अमेरिकी सैन्याच्याच प्रयोगशाळेतील एक शास्त्रज्ञ होता. खटला उभा राहण्यापूर्वी त्याने २००८ साली आत्महत्या केली, त्यामुळे हा निष्कर्ष न्यायालयात कधी तपासला गेला नाही. काहीही असले तरी भुकटी कोणा परक्या गुहेतून आली नव्हती.

देवीच्या बाबतीतही जमाखर्च असाच निघतो. आजवर एकाही दहशतवाद्याने एकाही माणसाला देवीची लागण केल्याची नोंद नाही. प्रयोगशाळांच्या खाती मात्र नोंदी आहेत. १९७३ साली लंडनमध्ये एका प्रयोगशाळा-साहाय्यिकेला लागण झाली, आणि रुग्णालयात तिच्या शेजारच्या खाटेवरील रुग्णास भेटावयास आलेली दोन माणसे दगावली. १९७८ साली, निसर्गातून रोग गेल्यावर जवळजवळ वर्षाने, बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात विषाणूच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणारी एक छायाचित्रकार महिला देवीने मरण पावली. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाने आत्महत्या केली. विषाणू वरच्या मजल्यावर कसा गेला याचे निर्विवाद उत्तर आजतागायत मिळालेले नाही. अराल्स्कची गणती या दोन घटनांत करावी की नाही हे वाचकांनी ठरवावे, मी करतो. आणि जुलै २०१४ मध्ये वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे जुन्या शीतगृहाची आवराआवर करताना १९५४ सालच्या सहा कुप्या हाती लागल्या, त्यांवर देवीचे नाव होते. साठ वर्षे त्या तेथे कोणाच्याही ध्यानीमनी नसताना पडून होत्या. तपासले तर त्यांतील दोन कुप्यांतील विषाणू जिवंत निघाला. मग अधिकृत घरे दोनच, हे कशाच्या बळावर म्हणावयाचे?

गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट घडली आहे आणि ती दडवून चालणार नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी घोड्यांना होणाऱ्या देवीचा विषाणू, जो माणसाला निरुपद्रवी आहे, प्रयोगशाळेत जोडून तयार केला आणि २०१८ साली ते प्रसिद्ध केले. माणसाच्या देवीचा आनुवंशिक आराखडा १९९० च्या दशकापासून छापलेला आहे. हे काम अजूनही निवडक हातांचेच आहे, कोणा टोळीच्या तळघरात होण्यासारखे नाही, असे जाणकार सांगतात. पण म्हणजे पुन्हा बोट तेथेच जाते: उत्तम शिकलेल्या, उत्तम पगाराच्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेकडे. धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही. तो लहान आहे, आणि आपण ज्या दिशेने डोळे ताणून पाहतो त्या दिशेला तर तो फारच लहान आहे.

मग त्या दोन घरांतील साठ्यांचे काय करावे? निर्मूलन मोहिमेचे प्रमुख डॉ. डी. ए. हेंडरसन हे ते जाळून टाकावेत या मताचे होते; आणि विशेष म्हणजे हेच गृहस्थ पुढे २००१ साली जैविक हल्ल्यांच्या बाबतीत अमेरिकी सरकारचे सल्लागार झाले. विरुद्ध बाजूचे म्हणतात की नवी औषधे व नव्या लसी पारखण्यासाठी जिवंत विषाणू हवा. त्या म्हणण्यात काही काळ तथ्य होते. परंतु २०१८ साली देवीवरील पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले, २०१९ साली अधिक सुरक्षित लसही मंजूर झाली, आणि तीच लस मंकीपॉक्सच्या साथीत २०२२ पासून उपयोगी पडली. राखून ठेवण्याचे कारण दर वर्षी थोडे थोडे झिजत चालले आहे. जागतिक आरोग्य परिषदेने साठे नष्ट करण्याची तारीख १९९९ साठी ठरविली होती. ती २००२ वर गेली, आणि मग तारीखच उरली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कोल्त्सोवोच्या संस्थेत वायूचा स्फोट होऊन आग लागली, तेव्हा विषाणूंच्या कोठारास धक्का लागला नाही असे सांगण्यात आले. मॉस्कोतील जुना संग्रह १९९४ साली याच संस्थेत हलविलेला आहे, आणि १९६७ साली भारतातून नेलेला तो वाणही त्याच संग्रहातला.